लिलावात निघालेला संसार

किंमत चुकती केली म्हणजे वस्तू आपली झाली, हा व्यवहाराचा नियम होय. तो नसता तर बाजार एक दिवसही चालला नसता. परंतु व्यवहारात जो नियम निर्विवाद ठरतो, तो नीतीच्या कसोटीसही तसाच उतरतो काय? देशांतर करणाऱ्या कुटुंबांच्या सामानाचा एक इतिहास वाचताना हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि तेथील ज्यू कुटुंबे देश सोडू लागली. पैसा बाहेर नेण्यावर कडक निर्बंध होते. तेव्हा घरातील सामान हीच पुष्कळांची पुंजी उरली. कपाटे, पुस्तके, अंथरुणे, भांडी असे सारे बिऱ्हाड लहानशा खोलीएवढ्या लाकडी पेटाऱ्यात भरून हँबुर्ग किंवा ब्रेमेन बंदराकडे रवाना करावयाचे. त्याआधी प्रत्येक जिनसेची यादी सरकारात द्यावी लागे. नव्याने खरेदी केलेल्या वस्तूंवर जबर आकार बसे. सामान बांधताना जकातीचा अंमलदार जवळ उभा राही. इतके सोसून माणसे निघाली. पुढे १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले आणि हजारो पेटारे बंदरातच अडकून पडले. १९४१ पासून गुप्त पोलिसांनी ते जप्त करून आतील सामान जाहीर लिलावात काढले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरच्या हुकुमाने परदेशी गेलेल्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेण्यात आले व त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली.

हे सामान विकत घेणारे कोण होते? दरोडेखोर नव्हते. त्यांत शेजारपाजारची साधी, संसारी माणसेही होती. त्यांच्या बाजूने बोलावयाचे तर पुष्कळ बोलता येईल. लिलाव कायद्याने झाला; पैसे रोख मोजले; आपण न घेतले असते तर दुसऱ्याने घेतलेच असते; शिवाय बाँबहल्ल्यात ज्याचे घर जळाले, त्यास पोरांसाठी अंथरूण हवेच होते. यांतील शेवटचा मुद्दा आम्हांस खरोखर विचारार्ह वाटतो. गरज हा काही गुन्हा नव्हे.

तथापि गरजेने घेणे क्षम्य ठरते. त्याने वस्तूवरील मूळ हक्क मात्र नाहीसा होत नाही. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल आहे. जुन्या बाजारात एखादे तांब्याचे पातेले हाती येते. त्यावर कोणाचे तरी नाव, लग्नाची तारीख कोरलेली असते. मालकाने ते राजीखुशीने विकले असेल, तर ते घेण्यात वावगे काहीच नाही. परंतु ज्याने ते परदेशी पुन्हा चूल मांडण्यासाठी बांधले होते, त्याच्या संमतीवाचून ते विकले गेले असेल, तर आपण दिलेली किंमत पोहोचली कोणास? ज्याने ते हिसकावले त्यास. मालकाचे देणे तसेच राहिले. कायदा वस्तूचा ताबा देऊ शकतो. मालकाची संमती त्यास निर्माण करता येत नाही. आणि पेटाऱ्यातील सामानाचे तर ढळढळीत दिसत होते, की हे कोणा एका घराचे आहे. अज्ञानाची सबब येथे फार दूर जात नाही.

मग आज, इतक्या वर्षांनी, आजोबांनी घेतलेले कपाट ज्याच्या घरी उभे आहे, त्याने काय करावे? १९५७ साली पश्चिम जर्मनीने कायदा करून अशा जप्त मालमत्तेबद्दल पैशाच्या रूपाने भरपाई देण्याची तरतूद केली. ते योग्यच झाले. परंतु ते देणे राज्याचे होते, घराचे नव्हे. अलीकडे ब्रेमरहाफेन येथील सागरी संग्रहालयाने या सामानाचा आणि त्याच्या मालकांचा माग काढण्याचे काम चालविले आहे. अशा कामास आपल्या घरची माहिती देणे, मालकाचे वारस सापडल्यास वस्तू त्यांच्यापुढे ठेवणे, आणि न सापडल्यास निदान मुलांना खरे काय ते सांगणे, इतके तरी नातवाचे कर्तव्य आहे असे आम्हांस वाटते. आजोबांचा दोष त्याच्या माथी येत नाही. मात्र कपाट वारशाने घ्यावयाचे आणि त्याची हकीकत तेवढी नाकारावयाची, ही निवड करण्याचा अधिकार त्यास नाही.