चपळाईचा भार

संस्कृतातून मराठीत येताना काही शब्दांचा स्वभाव पालटतो. 'चपल' हा त्यांपैकी एक. संस्कृतात तो अस्थिरतेकडे झुकतो. ज्याचे मन ठरत नाही, जो एका जागी टिकत नाही, तो चपल. मराठीत मात्र 'चपळ' म्हटले की डोळ्यांपुढे हरीण येते, खो-खोच्या मैदानावरचा खेळाडू येतो. दोष गळून पडतो, गुण उरतो आणि जुना दोष 'चंचल' या शब्दाच्या वाट्याला जातो. लक्ष्मीला आपण चंचल म्हणतो, चपळ म्हणत नाही. कंपन्यांच्या चपळाईचे जे स्तोत्र आज गायले जाते ते ऐकताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कंपन्या चपळ होत आहेत की केवळ चंचल, हा प्रश्न वरवर व्यवस्थापनशास्त्राचा वाटला तरी मुळात तो नीतीचा आहे. कारण एखादी संस्था वेगाने वळते तेव्हा त्या वळणाचा झोक कोणाला तरी सोसावा लागतो.

कोणत्याही उद्योगाच्या कामात काळ तीन ठिकाणी खर्च होतो. बाजारात काय घडते आहे हे कळायला काही काळ लागतो, कळल्यावर काय करायचे हे ठरवायला काही लागतो आणि ठरलेले प्रत्यक्षात आणायला आणखी काही. तारायंत्र आणि दूरध्वनी यांनी पहिला काळ आखडला, वाफेच्या व विजेच्या यंत्रांनी तिसरा. मधला काळ मात्र बव्हंशी माणसाकडेच राहिला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवेपण हे की तिने या मधल्या काळाला हात घातला. मागणीचे अंदाज बांधणे, मसुदे लिहिणे, पर्यायांची तुलना करणे ही कामे ती क्षणात करते. जमाखर्चाच्या दृष्टीने तो मधला काळ वाया जाणाराच होता. पण त्याच फटीत एखाद्या जुन्या कारकुनाची शंका, एखाद्या मुकादमाची हरकत, मालकाच्या मनातली टोचणी यांना जागा मिळत असे. विलंबात आळस असतो तसा विवेकही असतो, आणि यंत्राला हे दोन वेगळे काढता येत नाहीत.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. उद्योगांच्या चपळाईची आजची परिभाषा बरीचशी 2001 साली अमेरिकेतील युटा राज्यात जमलेल्या सतरा संगणकतज्ज्ञांच्या जाहीरनाम्यातून आली. त्या जाहीरनाम्याने प्रक्रिया आणि साधने यांपेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद यांना अधिक मोल दिले होते. आज तीच चपळाई साधनांच्या द्वारे आणि पुष्कळदा माणसे वगळून मिळवली जाते. झिलो या अमेरिकन कंपनीने संगणकीय अंदाजांवर विसंबून झटपट घरे खरेदी करण्याचा व्यवसाय आरंभला होता. घरांच्या किमतींचे भाकीत आपल्याला नीट करता येत नाही, असे सांगून नोव्हेंबर 2021 मध्ये तिने तो गुंडाळत असल्याचे आणि सुमारे एक चतुर्थांश नोकरवर्ग कमी करत असल्याचे जाहीर केले. व्यवसायात शिरणे चपळ होते, बाहेर पडणेही चपळच होते. गणित चुकले, त्याची किंमत मात्र गणित मांडणाऱ्या यंत्राला मोजावी लागली नाही.

यावरून संथपणालाच सद्गुण मानण्याचा मोह होईल. तो आवरण्यासाठी लखनौइतके योग्य शहर नाही. 'पहले आप' म्हणत राहिलेल्या दोन सद्गृहस्थांची गाडी सुटून जाते, ही त्या शहराविषयीची जुनी थट्टा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात दुसऱ्याला आधी जागा देण्याचे जे संस्कृतिधन आहे ते आपण हसताना विसरतो. पण त्याच लखनौवर प्रेमचंदांनी 1924 साली 'शतरंज के खिलाड़ी' ही कथा लिहिली. 1856 मध्ये अवधचे राज्य इंग्रज गिळत असताना त्यांचे दोन जहागीरदार बुद्धिबळाच्या पटावरून उठत नाहीत; राजासाठी न उपसलेली तलवार ते पटावरच्या वजिरासाठी उपसतात आणि दोघेही मरतात. त्यांच्या संथपणात विवेकाचा अंशही नाही. वेळेवर न हलणे हाही अपराध असू शकतो. तेव्हा प्रश्न वेगाचा नसून वेगाचा भार कोण वाहतो, हा आहे.

राज्य बुडाल्यानंतर दोनच वर्षांनी, 1858 मध्ये, याच लखनौत मुन्शी नवलकिशोर यांनी छापखाना काढला. उर्दू-फारसीची नस्तालीक लिपी खिळ्यांच्या छपाईला सहजी वश होत नसे. अक्षरे एकमेकांवर कलत, उतरत जातात. नवलकिशोरांनी शिळाछापाचा आधार घेतला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापले तेही शिळाछापावरच. या पद्धतीत कातिब, म्हणजे लेखनिक, आपल्या वळणदार हाताने मजकूर लिही आणि तोच शिळेवरून शेकडो प्रतींत उमटे. अरबी, फारसी, उर्दू, हिंदी, संस्कृत अशा भाषांतील हजारो ग्रंथ त्या छापखान्याने काढले. गालिबची फारसी 'कुल्लियात' तेथूनच 1863 मध्ये बाहेर पडली. हा उद्योग खऱ्या अर्थाने चपळ होता. तथापि त्याचे यंत्र हाताला शरण आले होते. जितकी छपाई वाढे तितकी कातिबाची गरज वाढे.

पुढे तोही दिवस मावळला. 1981 साली लाहोरच्या 'जंग' दैनिकाने संगणकावरील 'नूरी नस्तालीक' वापरात आणली आणि हळूहळू कातिबांच्या बैठकी ओस पडल्या. हा बदल अटळ होता आणि वाचकाच्या सोयीचाही होता. परंतु त्या अक्षरसंचामागे मिर्झा अहमद जमील या एका सुलेखनकाराचा हात होता. त्याने हजारो अक्षरजोड स्वतः लिहून दिले होते आणि त्याचे नाव त्या कामाशी जोडलेले राहिले. यंत्राने हात घेतला, पण विचारून घेतला. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने आत्मसात केलेले असंख्य हात निनावी आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण कोणाला काही शिकवले हे माहीतही नाही.

लखनौच्या चिकनकारीकडे पाहिले म्हणजे याचा अर्थ उलगडतो. लाकडी ठशाने कापडावर नक्षी उठवली जाते. तिच्यावर सुईने टेपची, बखिया, तांदळाच्या दाण्यासारखी मुर्री, बाजरीच्या दाण्यासारखा फंदा असे टाके पडतात. मग धुलाईत ठशाचा रंग निघून जातो आणि दोरा तेवढा उरतो. या कलेला 2008 साली भौगोलिक मानांकन मिळाले. शहरातल्या आणि भोवतालच्या खेड्यांतल्या स्त्रिया हे काम प्रामुख्याने घरी बसून, नगावर, मध्यस्थांमार्फत करतात. 1984 मध्ये तेथे 'सेवा' ही संस्था उभी राहिली ती या मध्यस्थीतले शोषण पाहूनच. आता कल्पना करावी की एखाद्या व्यापाऱ्याकडे दुपारभरात शंभर नक्ष्या काढणारे यंत्र आले. त्या नक्ष्या अनाम कारागिरांच्या जुन्या नक्ष्यांवरूनच शिकलेल्या असणार. बाजाराचा कल दिसताच तो आठवड्याला आपला माल पालटू शकेल. पण मुर्रीचा टाका आठवड्याच्या हिशेबाने पडत नाही. नक्षी मध्येच रद्द झाली तर अर्धे भरलेले कापड कोणाच्या मांडीवर राहील? व्यापाऱ्याची चपळाई आणि कारागिरणीची ताटकळ ही एकाच व्यवहाराची दोन नावे ठरतील.

यावर असे म्हटले जाईल की न वळणारा धंदा बुडतो आणि त्याच्याबरोबर कामकरीही बुडतात. आक्षेप खरा आहे. म्हणूनच वळण्याचा हक्क नाकारता येत नाही. त्या हक्काला एक अट घालता येते. ज्याने वळायचे ठरवले त्याने वळणाच्या खर्चातला आपला वाटा आधी उचलावा. रद्द झालेल्या नक्षीच्या टाक्यांची मजुरी द्यावी, बदलाची पूर्वसूचना द्यावी, आणि हा निर्णय कोणी घेतला असे विचारायला आलेल्यापुढे एक माणूस उभा करावा. यंत्राने तसे सांगितले, हे उत्तर पुरेसे मानू नये.

आपल्या भाषेत 'जबाबदारी'मध्ये जबाब आहे आणि 'उत्तरदायित्वा'मध्ये उत्तर आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता उत्तरे भराभर देते, पण तिला कोणी जाब विचारू शकत नाही. तो विचारायचा तो तिच्या मालकालाच. हे ज्या कंपनीला मान्य आहे तिने खुशाल चपळ व्हावे. जिला ते मान्य नाही तिच्यासाठी जुना संस्कृत अर्थच नेमका आहे.