कुकर, चणे आणि तात्पर्य

स्वयंपाकघरात कोण होतं, एवढाच प्रश्न होता. विचारणारी सासू कोकिलाबेन, समोर सुना, आणि पुरावा म्हणून गॅसवर चढवलेला रिकामा कुकर. त्यातले चणे कुणीतरी काढून घेतले होते. ‘साथ निभाना साथिया’ या मालिकेतला हा प्रसंग प्रेक्षक केव्हाच विसरले होते. ऑगस्ट २०२० मध्ये औरंगाबादच्या यशराज मुखाटे या तरुण संगीतकाराने तो उचलला, खाली कॉर्ड टाकल्या, ठेका भरला, आणि करोनाच्या धास्तीत बसलेली घरंच्या घरं ‘रसोडे में कौन था’ गुणगुणू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालिकेचा दुसरा भाग छोट्या पडद्यावर आला. चण्यांना एवढं यश क्वचितच मिळालं असेल.

कोकिलाबेनची भूमिका करणाऱ्या रूपल पटेल तिथे गायल्या नव्हत्या, सुनेला दरडावत होत्या. मग गाणं आलं कुठून?

याचं एक उत्तर १९९५ सालचं आहे. डायना डॉइच या मानसशास्त्रज्ञ आपल्याच ध्वनिमुद्रित निवेदनावरून शेवटचा हात फिरवत होत्या. त्यातला चार शब्दांचा तुकडा यंत्रावर पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि त्या दुसऱ्याच कामात गुंतल्या. थोड्या वेळाने त्यांना वाटलं, खोलीत कुणीतरी गातंय. गाणारं कुणी नव्हतं. त्यांचंच बोलणं चालू होतं आणि आवाजात तसूभरही बदल झाला नव्हता. बोलण्याला सूर असतोच, एरवी कान अर्थामागे धावतो म्हणून तो लक्षात येत नाही. तेच शब्द दहादा ऐकले की अर्थ शिळा होतो आणि सूर वर येतो. रीमिक्स करणारा याच सुराला ऑटोट्यूनने जवळच्या स्वरावर बसवतो, अक्षरं मात्रांवर टाकतो, आणि नेमका शब्द हेरून त्याचा लूप करतो. निम्मं काम आपला कानच करून देतो.

इथे मीमांसकांच्या भुवया उंचावतील. ग्रंथाचं तात्पर्य ठरवण्याच्या ज्या खुणा त्यांच्या परंपरेने सांगितल्या, त्यांत ‘अभ्यास’ ही एक आहे. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. जे पुन्हा पुन्हा सांगितलं जातं ते ग्रंथाला म्हणायचं असतं. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याच्या आरंभीच या कसोट्या मांडून गीतेला लावल्या. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला एकच महावाक्य नऊ वेळा ऐकवतो, आणि वेदान्ती याच नऊ वेळांवर बोट ठेवतात. पुनरुक्तीने अर्थ पक्का होतो, असं शास्त्र सांगतं. डॉइच यांच्या खोलीत तर पुनरुक्तीनेच अर्थ गळून पडला.

दोन्ही खरं आहे. वैदिकांचा घनपाठ ऐकावा. पहिला शब्द-दुसरा, दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, लगेच तिसरा-दुसरा-पहिला, असे शब्द पुढे-मागे फिरत राहतात. कागदावर मांडलं तर रीमिक्सच वाटेल. पण ही सगळी उलटापालट कशासाठी, तर शतकानुशतकं एक स्वरही हलू नये म्हणून. म्हणजे पुनरुक्तीला स्वतःचं मत नसतं. ती करणाऱ्याचं तात्पर्य ती उचलून धरते. उद्दालक आपलंच वाक्य नऊदा म्हणतो तेव्हा वक्ता तोच राहतो. कोकिलाबेनचं वाक्य यशराज फिरवतो तेव्हा आवाज तिचा असला तरी वक्ता यशराज असतो. ‘आम्ही काय केलं, शब्द त्यांचेच आहेत’ ही रीमिक्सवाल्यांची आवडती सबब म्हणूनच टिकत नाही.

कोकिलाबेनच्या बाबतीत सबबीची गरजही पडत नाही, कारण तिचा राग मुळात नाटकातला होता. २०१० साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिलमध्ये, गोष्ट वेगळी होती. एक माणूस खिडकीतून घरात शिरला आणि त्याने एका तरुणीवर बलात्काराचा प्रयत्न केला. तिचा भाऊ अँटवान डॉडसन टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर भडकून बोलला. ‘ग्रेगरी ब्रदर्स’ या मंडळींनी त्या बातमीचं ‘बेड इन्ट्रूडर साँग’ केलं आणि ते बिलबोर्डच्या शंभरांच्या यादीत ८९व्या क्रमांकावर गेलं. कमाईतला निम्मा वाटा त्यांनी डॉडसनला दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण गाण्यात बहिणीच्याही बोलण्याचा तुकडा आहे. हल्ला झालेलीचे ते शब्द लोकांनी टाळ्या वाजवत ऐकले. भावाच्या त्वेषात सूर होता, हे कबूल. त्यावर हसायचं की नाही हे मात्र तो सूर ठरवत नाही, कात्री हातात असलेला माणूस ठरवतो.

धर्माचा आवाज कापायला घेतला की हा प्रश्न आणखी टोकदार होतो. ब्रायन ईनो आणि डेव्हिड बर्न यांनी १९८१ साली ‘माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स’ ही तबकडी काढली. रेडिओवरचे धर्मोपदेशक, भूत उतरवणारा एक मांत्रिक, कुराणाचं पठण असे आवाज त्यांनी तालावर बसवले. हेतू विनोदाचा नव्हता, तरी कात्री तीच. कॅथरिन कुलमन या दिवंगत उपदेशिकेचा आवाज तिच्या वारसदारांनी वापरूच दिला नाही. कुराणपठणाचा तुकडा मुस्लिम संघटनेच्या आक्षेपानंतर पुढच्या आवृत्त्यांमधून काढला गेला. भूत उतरवणाऱ्याच्या वतीने कुणी आलं नाही. तो आवाज आजही तिथे आहे. श्रेयनामावलीत त्याच्यापुढे न्यूयॉर्क, सप्टेंबर १९८० एवढंच लिहिलंय, आणि नावाच्या जागी ‘अज्ञात’.