शेवंतीची रात्र

आश्विन लागला की वर्ध्यातल्या अंगणांत पहाटे प्राजक्ताचा सडा पडतो. पांढरी पाकळी, केशरी देठ, आणि ऊन चढेपर्यंत कोमेजलेली. शेजारच्या कुंडीतली शेवंती मात्र पानापानांनी भरलेली, कळीचा पत्ता नाही. मग आपण खताला दोष देतो, मातीला देतो, विदर्भाच्या उन्हाळ्याला तर हमखास. खरी अडचण पुष्कळदा ओसरीवरच्या दिव्यात असते. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. २२-२३ सप्टेंबरनंतर आपल्याकडे रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते, डिसेंबरात तेरा तासांच्या आसपास जाते, आणि हा सलग अंधार मिळाला की कळी धरते. मध्येच उजेड पडला तर झाडाच्या हिशेबी रात्र तुटते. फुलशेती करणारे हेच हेरून काळं कापड टाकून शेवंती लवकर फुलवतात, दिवे लावून लांबवतात.

कुणी म्हणेल, थंडीनेच ती फुलते. थंडीचा हात आहेच, पण त्याच गारव्यात दिव्याखालची कुंडी मागे राहते, अंधारातली फुलते. दुसरा आक्षेप रास्त आहे: अंगणात अंधार ठेवला तर साप-विंचवाची भीती. ती खरीच. म्हणून दिवा घालवा असं नाही. कुंडी घरामागे, उजेडाच्या आड सरकवा. दिवसा मात्र तिला ऊन हवंच. आज संध्याकाळी एवढं कराच.