थांबायला कारण लागते

बेळगावच्या रस्त्यांचा अलीकडचा इतिहास लिहायचा तर 2016 पासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी जानेवारीत केंद्र सरकारने स्मार्ट सिटीसाठी पहिली वीस शहरे निवडली, त्यांत पुणे आणि सोलापूरबरोबर बेळगावही होते. एप्रिलमध्ये यूपीआय आले, सप्टेंबरात जिओमुळे इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले, नोव्हेंबरात नोटबंदी झाली. शहर स्मार्ट करण्याचे आराखडे कागदावरच होते, तोवर गणपत गल्लीतल्या भाजीवालीच्या टोपलीशेजारी क्यूआर कोडची पाटी उभी राहिली. चौकात कोणी, कधी आणि कशासाठी थांबायचे, हे आराखड्यांपेक्षा खिशातल्या फोननेच अधिक ठरवले.

हा बदल पाहायला मच्छेसारखी जागा दुसरी नाही. बेळगाव–खानापूर रस्त्यावरचे हे गाव. गावाला लागून औद्योगिक वसाहत, जवळच विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे आवार, आणि भोवती ती काळी सुपीक जमीन, जिच्यातून हलगा–मच्छे बायपास नेऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे झगडले. ग्रामपंचायतीची आता नगरपंचायत झाली आहे. शेतकरी, फाउंड्रीतला कामगार आणि इंजिनिअरिंगचा विद्यार्थी एकाच थांब्यावर उभे असतात. गाव अजून पुरते शहर झालेले नाही, म्हणून इथल्या सार्वजनिक जागांचे काय करायचे हे ठरवायला अजून वेळ आहे.

मोबाइलने कट्टे ओस पाडले, ही तक्रार मला अपुरी वाटते. पूर्वी माणसे पारावर किंवा चौकात जमत ती निव्वळ गप्पांच्या ओढीने नव्हे. कुठल्या कारखान्यात माणसे घेतायत, बटाट्याला काय भाव निघाला, कोण वारले, बस गेली की यायची आहे, यातले काहीही कळायला घराबाहेर पडावेच लागे. माणसे गरजेपोटी यायची आणि ओळखी, सोयरिकी, भांडणे त्या येण्यातून आपोआप घडायची. फोनने ती गरज घरपोच केली. भाव फोनवर, निधनाची वार्ता फोनवर, कामाची खबर ठेकेदाराच्या ग्रुपवर. बाहेर येण्याचे कारणच सरले, तर नुसत्या जिव्हाळ्यावर चौक किती दिवस भरेल?

पण तो पार सगळ्यांचा होता, हे मात्र मला मान्य नाही. तिथे पुरुष बसत, आणि तेही सगळ्या वस्त्यांमधले नव्हेत. बाईने तिथून पदर सावरून, नजर खाली घालून पुढे जायचे, असाच रिवाज. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या अभ्यासावर लिहिलेल्या ‘व्हाय लॉइटर?’ या 2011 च्या पुस्तकात हेच नेमके मांडले आहे: बाईला सार्वजनिक जागेत असण्यासाठी सतत काहीतरी काम दाखवावे लागते, विनाकारण रेंगाळण्याचा हक्क पुरुषालाच असतो. थांब्यावर एकटी उभी असलेली मुलगी कानाला फोन लावते तेव्हा पलीकडे कोणी असेलच असे नाही. तो फोन तिच्या तिथे असण्याचे कारण असतो, ढाल असतो. म्हणून मुली फोनमध्ये डोके घालून बसतात अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी सांगावे की फोन नसता तर त्यांना तिथे निवांत बसू दिले असते का. कर्नाटकात 11 जून 2023 पासून महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. त्या एका निर्णयाने बायकांना घराबाहेर आणण्यासाठी जेवढे केले, तेवढे कुठल्याही अ‍ॅपने केलेले नाही.

बाहेरगावाहून आलेल्या कामगारांचे चित्र वेगळे आहे. एका खोलीत पाच-सहाजण राहत असतील तर बायकोशी मनातले बोलायला घरात कोपरा मिळत नाही. असा माणूस पाळी संपल्यावर रस्त्याकडेला, बंद दुकानाच्या पायरीवर बसून दूरच्या गावातल्या लेकराचा चेहरा फोनवर बघतो. त्याचा संसार उघड्या रस्त्यावर चालतो. आपण त्याला ‘रस्त्यात बसलेले परप्रांतीय’ म्हणून ओलांडून जातो. त्याला एक बाक आणि दिव्याचा उजेड मिळावा असे आपल्याला का वाटू नये?

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो पुण्या-मुंबईच्या लेखकांच्या ध्यानात सहसा येत नाही. इथे रस्त्यावरचे प्रत्येक अक्षर वादाचे असते. मच्छेच्या शेजारच्या येळ्ळूरमध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक जुलै 2014 मध्ये हटवला गेला, त्यानंतर लोकांना लाठ्या खाव्या लागल्या. 2024 च्या कायदादुरुस्तीने दुकानाच्या पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. भिंतीवर भाषा सरकार ठरवते, फोनवर ती आपण ठरवतो. मराठी माणसाचा सार्वजनिक मराठी व्यवहार मोठ्या प्रमाणात व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, तो असा. हे आधाराचे आहे, आणि धोक्याचेही. ग्रुपमध्ये सगळे आपलेच असतात. चौकात मात्र कन्नड बोलणारा शेजारी समोर उभा असतो, त्याच्याशी मोडक्या भाषेत का होईना बोलावे लागते.

हा धोका फेब्रुवारी 2025 मध्ये दिसला. बेळगावजवळ एका बसमध्ये भाषेवरून वाद झाला, वाहकाला मारहाण झाली. दृश्ये फोनोफोनी गेली. चित्रदुर्ग जिल्ह्यात महाराष्ट्राच्या एसटी चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले, आणि महाराष्ट्राने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या. रोज कोल्हापूर–निपाणी–बेळगाव ये-जा करणाऱ्या, दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसांना त्या भांडणाशी काही देणेघेणे नव्हते. गाडी मात्र त्यांची बंद झाली. बसमधला तंटा पूर्वी बसमधलीच चार शहाणी माणसे मिटवत. आता त्यांचे हात चित्रीकरणात गुंतलेले असतात.

मग फोन बंद करावेत का? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये तसे करून पाहिले. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवले जातात. मुलांच्या अभ्यासासाठी सुरू झालेल्या या उपक्रमाबद्दल मला आदर आहे. पण निम्मे लोक पाळीवर जाणाऱ्या मच्छेत सातचा भोंगा कोणासाठी वाजवणार?

इलाज मला दुसरीकडे दिसतो. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधल्या चौकांचे चित्रीकरण करून 1980 साली मांडलेला निष्कर्ष साधा होता: बसायला जागा असेल तिथे माणसे बसतात. त्या काळच्या चित्रफिती घेऊन कीथ हॅम्प्टन यांनी अमेरिकेतल्या त्याच जागा तीस वर्षांनी पुन्हा पाहिल्या. फोनवर असणारे दहा टक्क्यांहून कमी निघाले, तेही बहुतेक एकेकटे आलेले. घोळक्याने आलेली माणसे आणि बायका पूर्वीपेक्षा वाढल्या होत्या. ही पाहणी स्मार्टफोन हातोहाती पोचण्याआधीची आहे, तेव्हा तिच्यावर फार भार टाकता येणार नाही. तरी चांगली जागा फोनसमोर लगेच हार मानत नाही, एवढे तिच्यातून दिसते.

आपल्याकडे स्मार्ट म्हणजे खांबावरचा कॅमेरा आणि नियंत्रण कक्षातला पडदा, अशी समजूत रुजली आहे. कॅमेरा चोर पकडून देईल, पण उन्हात उभ्या म्हातारीला सावली देणार नाही. म्हणून मच्छेच्या नगरपंचायतीला माझी विनंती आहे: कॅमेऱ्यांच्या निविदेआधी मुख्य थांब्यावर छप्पर, पाठ टेकता येईल असे बाक, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी रात्री दहापर्यंत उघडे, स्वच्छ शौचालय मंजूर करा.