गाठीतला अंदाज म्हणजे नशीब नव्हे



स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की आपल्या घरांतही कुणीतरी पुटपुटते, "मागच्या जन्मीचे भोग." बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला. तो दुःखितालाच दोषी ठरवतो आणि समाजाला जबाबदारीतून मोकळे करतो.

आज तोच विचार नव्या वेषात येतो. गाठीतली जनुके तपासून रोग पसरण्याचा धोका सांगता येतो. मग वाटते, कपाळीचे लिखित आता जनुकांत सापडले. तसे आहे का?

अशी एक चाचणी आपण राहतो त्या देशातच जन्मली. ॲम्स्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २००२ मध्ये ७० जनुकांच्या हालचालीवरून हा अंदाज बांधला. पुढे 'माइंडॅक्ट' अभ्यासात ६,६९३ स्त्रिया सहभागी झाल्या. नेहमीच्या निकषांनी धोका जास्त, पण जनुकांनुसार कमी, अशा ज्या स्त्रियांनी केमोथेरपी घेतली नाही, त्यांच्यातील सुमारे ९५ टक्के जणींत पाच वर्षांनंतरही रोग दूरच्या अवयवांत पसरला नव्हता. केमोने फरक पडला तो सुमारे दीड टक्क्याचा. नंतर, पन्नाशीच्या आतील स्त्रियांत हा फरक जास्त दिसला. आकडा समूहाचा असतो. त्या शंभरांत आपली जागा कोणती, हे तो सांगत नाही.

शिवाय अंदाज बदलतो. 'हर-टू' हे लक्षण १९८७ मध्ये आक्रमक रोगाची खूण म्हणून पुढे आले. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याच खुणेवर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. जी खूण भीतीची होती, तीच उपचाराची वाट झाली. हाच प्रतीत्यसमुत्पाद: कारण कळले की ते बदलण्याचा प्रयत्न करता येतो. नशिबात अशी फट नसते.

मग आपले कर्तव्य काय? अहवाल त्या भगिनीचा आहे. पती, दीर किंवा नागपूरहून फोन करणारे मामा यांनी तिच्या वतीने निर्णय घेऊ नये. आकडा ऐकायचा नाही, असे म्हणण्याचाही तिला अधिकार आहे. आपण डॉक्टरांकडे सोबत जावे, डच समजावून द्यावे, मुले सांभाळावीत, डबा पोहोचवावा. करुणा म्हणजे एवढेच, आणि एवढे तरी हवेच.

नमो बुद्धाय! जयभीम!