तटाआडचा विहार

भूतानमधल्या पारो खोऱ्यात, आगीत जळून आता पुन्हा उभारलेल्या द्रुकग्याल झोंगच्या भिंतींखाली उभा होतो, आणि आठवत होतं पातूर. अकोल्याजवळच्या पातूरला डोंगरात विहार कोरलेला आहे. त्याला ना बुरूज, ना तट. तिकडे अकोटच्या डोंगरावर नरनाळ्याला दोन्ही आहेत, पण भिक्षू नाहीत. आमच्या वऱ्हाडात विहार आणि किल्ला वेगवेगळे राहिले आणि दोन्ही ओस पडले. झोंगमध्ये ते एकाच तटाआड नांदतात: एका चौकात भिक्षू, दुसऱ्यात सरकारी कचेरी. पुनाखाचा झोंग आजही असाच गजबजलेला आहे.

द्रुकग्याल उभा राहिला १६४९मध्ये, तिबेटी सैन्यावरच्या विजयाची खूण म्हणून. त्यामागचा शब्द्रुंग ङवांग नामग्याल हा स्वतः लामा, १६१६मध्ये तिबेट सोडून आलेला. विजयाचं स्मारक आणि आत बुद्धमूर्ती, हे मला पचेना. विनयाने तर भिक्षूला लढाईला निघालेली सेना विनाकारण बघायला जायचीही मनाई केली आहे.

पण त्याच विनयात दुसरी गोष्ट आहे. बिंबिसाराचे सैनिक लढाई सोडून संघात येऊ लागले. राजाने तक्रार केली, आणि राजसेवेतल्या माणसाला दीक्षा देऊ नये असा नियम झाला. म्हणजे संघाने शस्त्र घेतलं नाही, राजाचं शस्त्र मात्र गृहीत धरलं. मग पातूरचा विहार तरी बिनतटाचा कसा म्हणायचा? त्याचा तट दूर कुठेतरी होता, दुसऱ्याच्या हातात. झोंगने तो डोळ्यांसमोर आणून ठेवला, एवढंच. हा प्रामाणिकपणा मला आवडला की टोचला, ते अजून ठरत नाही.

अमरावतीला परतलो तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कुंपणाची बैठक चालू होती. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "गावानं आपल्याले कुसाबाहेर ठेवलं. आता आपनच भिंत बांधाची का?" मला त्याचं पटत होतं. कोपऱ्यातल्या आजीने विचारलं, "मंग रातच्याले मूर्तीपाशी कोन झोपते बापा, तू?"

तो गप्प बसला. मीही. वर्गणीची वही फिरली तेव्हा माझं नाव लिहिलं. भिंत सहा फूट होणार आहे. फाटकाला कुलूप लावायचं का, आणि लावलं तर किल्ली कुणाकडे ठेवायची, यावर पुढच्या रविवारी बोलायचं आहे.