नाव राखणारे

बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियातल्या टॅलिन शहरात १९१२ साली ‘स्पोर्ट’ नावाचा क्लब सुरू झाला. हा देश तेव्हा रशियन साम्राज्यात होता. १९१८ मध्ये देशाने स्वातंत्र्य जाहीर केले, त्यासाठी युद्ध केले आणि १९२१ मध्ये फुटबॉलची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरवली. ती ‘स्पोर्ट’ने जिंकली. १९३३ पर्यंत झालेल्या १३ स्पर्धांपैकी ९ या एकाच क्लबच्या नावावर आहेत.

एव्हाल्ड टिपनर हा याच क्लबचा गोलरक्षक. वयाच्या अठराव्या वर्षी, १९२४ मध्ये, तो राष्ट्रीय संघात आला आणि १९३९ पर्यंत ६६ सामने खेळला. हिवाळ्यात मैदान गोठले, की हाच गडी स्केट बांधून बर्फावर हॉकी खेळायला उतरायचा.

१९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने देश ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी जर्मन आले, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. त्या धुमश्चक्रीत राष्ट्रीय संघातल्या काही खेळाडूंचा सोव्हिएत कैदेत अंत झाला. ‘स्पोर्ट’ही १९४४ मध्ये संपला. मैदानावर ज्याला हरवणे अवघड, तो क्लब मैदानाबाहेरच्या सत्तेने मोडला. टिपनर १९४७ मध्ये वारला.

सत्तेला क्लब बंद करता येतो, पण त्याने जिंकलेले सामने हरलेले करता येत नाहीत. मात्र ते सामने आपोआप लक्षात राहत नाहीत. कोणाला तरी निकाल जपून ठेवावे लागतात, नावे पुढच्या पिढीला सांगावी लागतात. एस्टोनियाच्या लोकांनी ते केले. १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. आज तिथल्या राष्ट्रीय चषक स्पर्धेला टिपनरचे नाव आहे. जो तरुण त्या चषकासाठी धावतो, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी ‘स्पोर्ट’ नाहीसा झालेला असतो; तरी त्या क्लबच्या गोलरक्षकाचे नाव त्याला ठाऊक असते.

संस्था उभी करणाऱ्यांचे कौतुक आपण करतो. ती संपल्यावर तिचे वहीखाते, छायाचित्रे, नावे सांभाळणाऱ्यांचे मोलही तेवढेच आहे. तुमच्या ओळखीतली एखादी तालीम, वाचनालय किंवा नाट्यमंडळ बंद पडले असेल, तर तिथे राबलेल्या माणसांची नावे आजच लिहून काढा. सांगणारी माणसे हयात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.